अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी दूध: आईचे, पेढीचे की डब्याचे?

चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ बाळाला गर्भारपणाच्या साधारण ३४ व्या आठवड्याच्या सुमारास जमू लागतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला बहुधा नळीने दूध द्यावे लागते. नळीतून कोणते दूध द्यायचे, हे मात्र आईवडिलांना एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या) दाराशी उभे राहून, घाईतच ठरवावे लागते.

आईच्या दुधाला तोड नाही. पहिल्या दिवशी हाताने पिळून सिरिंजमध्ये जेमतेम अर्धा मिलिलिटर दाट, पिवळसर चीक जमतो आणि ‘एवढ्याशाने काय होणार?’ असे कुणीतरी म्हणतेच; परंतु त्यातील रोगप्रतिकारक घटक कोवळ्या आतड्याचे रक्षण करतात, म्हणून तो थेंबही वाया जाऊ देऊ नये. रात्रीसुद्धा, दिवसभरात आठ-दहा वेळा दूध काढत राहिले तरच ते वाढते. बाळंतिणीसाठी हे कष्टाचे आहे, आणि तिला झोप व जेवण मिळेल हे पाहणे घरच्यांचेच काम आहे.

खरा पेच पडतो तो आईचे दूध पुरत नसताना. तेव्हा पेढीचे किंवा डब्याचे दूध द्यावे लागते. दुग्धपेढीत, म्हणजे इतर मातांनी दान केलेले दूध साठवणाऱ्या केंद्रात, दात्या मातांची रक्ततपासणी होते आणि दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवले जाते. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ पासून अशी पेढी आहे. तापवल्याने काही संरक्षक घटक कमी होतात, आणि बरेचसे दूध पूर्ण दिवसांच्या बाळांच्या मातांचे असल्याने प्रथिनेही कमी पडतात. त्यामुळे वजन हळू वाढते. त्यासाठी डॉक्टर दुधात पोषक पूड मिसळायला सांगतात. डब्याच्या दुधावर वजन भराभर वाढते हे खरे, पण आतड्याला सूज येऊन त्याचा काही भाग मरण्याच्या गंभीर आजाराचा धोका पेढीच्या दुधाच्या तुलनेत जवळजवळ दुप्पट आढळला आहे. म्हणून, विशेषतः दीड किलोखालील बाळासाठी, मी वजनाच्या काट्यापेक्षा आतड्याला झुकते माप देईन. पेढी आवाक्यात नसेल, तर अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठीच बनवलेले डब्याचे दूध डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे, आणि त्यात आईने अपराधी वाटून घेऊ नये. ओळखीतल्या बाईचे न तपासलेले दूध मात्र, कितीही मायेने दिलेले असले तरी, देऊ नये.

दूध कोणतेही असो, पोट फुगून ताणले गेले, उलटी हिरवी झाली, शीमध्ये रक्त दिसले किंवा बाळ एकाएकी मलूल पडले, तर पुढचे दूध थांबवून डॉक्टरांना त्याच क्षणी बोलवावे.