लीन योजना: गाळ्यातली रोजची धावपळ थांबते का?

नवी मुंबईतल्या रबाळे, पावणे, महापे किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या छोट्या गाळ्यांत दिवस पार्टीच्या, म्हणजे माल घेणाऱ्या ग्राहकाच्या, फोनने सुरू होतो. दोनशे नग आजच हवेत म्हणून मशीनवरची चालू डाय (नग घडवणारा साचा) उतरते, दुसरी चढते आणि संध्याकाळी पहिल्या पार्टीचा माल अडकतो. या दुखण्यावर केंद्र सरकारची सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीची एमएसएमई कॉम्पिटिटिव्ह लीन योजना कितपत कामाची? लीन म्हणजे वाया जाणारा वेळ, माल आणि श्रम कमी करायची पद्धत. मशीनजवळच्या गोंधळावर बरीच, उधारीच्या गोंधळावर अजिबात नाही.

योजना २०२३ च्या मार्चमध्ये नव्या रूपात आली. उद्यम नोंदणी असलेल्या उत्पादक उद्योगाने आधी लीन शपथ घ्यायची, मग बेसिक, इंटरमीजिएट, अॅडव्हान्स्ड अशा पायऱ्या. अंमलबजावणीच्या, म्हणजे मुख्यतः सल्लागाराच्या, खर्चातला ९० टक्के वाटा सरकार उचलतं, महिला किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांसाठी आणखी ५ टक्के. पैशाबाबत तक्रारीला जागा नाही. महाग पडतो तो मालकाचा आणि सुपरवायझरचा वेळ. तो द्यायची तयारी नसेल तर अर्जच करू नये.

सर्वात मोठा फायदा डाय बदलण्याच्या वेळेत मिळतो. पॉवर प्रेसची एक पाळी धरा: जेवण-चहा वजा जाता ४५० मिनिटं. दोन सेटिंग (डाय बदलणं), प्रत्येकी ५० मिनिटं, म्हणजे उरली ३५०. सहा सेकंदाला एक नग या हिशेबाने ३,५०० नग निघायला हवेत, निघाले २,८०० आणि त्यातले ८४ रिजेक्ट. चालू वेळ, वेग आणि चांगले नग या तिन्हींच्या टक्क्यांचा गुणाकार केला की मशीनची खरी कार्यक्षमता साधारण ६० टक्के येते. दिवसभर मशीनचा आवाज चालू असतो म्हणून हे कुणाच्या लक्षात येत नाही.

त्या ५० मिनिटांत काय चालतं ते मोबाइलवर व्हिडिओ काढून बघावं. फिटर पाना शोधतो, डाय रॅकमधून ओढून आणतो, पॅकिंगच्या पट्ट्या जुळवतो, मग पहिला नग तपासायला व्हर्नियर घेऊन कुणी येईपर्यंत सगळे थांबतात. यातलं निम्मं काम आधीचा लॉट चालू असतानाच उरकता येतं. पुढची डाय ट्रॉलीवर मशीनशेजारी आणून ठेवायची. सगळ्या डायना कायमची पॅकिंग लावून उंची एकसारखी करायची, म्हणजे रॅमची (प्रेसच्या वरखाली होणाऱ्या भागाची) उंची दर वेळी बदलावी लागत नाही. बोल्ट एकाच मापाचे ठेवायचे, गेज मशीनलाच टांगायचं. प्रत्यक्ष डाय बदलताना मात्र मेन स्विच बंदच हवा, तिथे मिनिटं वाचवायची नाहीत. ५० चं २० वर आलं तर दोन सेटिंगमध्ये तास वाचतो, म्हणजे आहे त्याच वेगाने ४८० नग जास्त. नवं मशीन घेण्याआधी हा हिशेब करायलाच हवा.

कानबान, म्हणजे संपलेल्या पेटीच्या कार्डावरून नवा माल मागवायची पद्धत, हीही छोट्या गाळ्यात छान बसते. दिवसाला ४०० बुश (छोटे सुटे भाग) लागतात, पुरवठादार तीन दिवसांनी देतो, वर २५ टक्के राखीव: १,५०० नग. २५० ची एक पेटी, म्हणजे सहा पेट्या. पेटी रिकामी झाली की तिचं कार्ड खरेदीवाल्याकडे जायला हवं. घोडबंदर रोडवर अवजड गाड्यांना ठरावीक वेळी बंदी असते, त्यामुळे त्या बाजूने येणाऱ्या मालाला राखीव थोडा वाढवून धरावा.

फाइव्ह एस, म्हणजे जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत, तिच्याबद्दल मात्र सावध. जमिनीवर पिवळे पट्टे, रॅकवर लेबलं, फोटो, प्रमाणपत्र, आणि काम तिथेच संपतं. नको म्हणून लाल टॅग लावलेली भंगार डाय महिनाभराने हलली का, हे कुणी विचारत नाही. पट्टे मारून अर्जंट ऑर्डर कमी होत नाहीत. त्यासाठी पुढच्या ४८ तासांचा प्लॅन गोठवायचा आणि पाळीचा शेवटचा एक तास अर्जंटसाठी राखायचा. हा नियम सल्लागार लिहून देतो, पण सगळ्यात मोठ्या पार्टीला ‘परवा देतो’ सांगणं मालकाचंच काम आहे.

उधारीला ही योजना हात लावत नाही, आणि माल वेळेवर जाऊनही पगाराला पैसे नसले तर पुन्हा तीच पळापळ. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना २००६ च्या कायद्याने ४५ दिवसांची कमाल मुदत दिली आहे. ती उलटली तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. पार्टी मोठी कंपनी असेल तर ट्रेड्सवर (बिलांवर आगाऊ पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेवर) बिल विकून आधी रोकड मिळू शकते, पण पार्टीने बिल तिथे मान्य करायला हवं. ही व्यवस्था योजनेच्या समांतर लावावी.

सल्लागाराला पहिल्याच भेटीत विचारा की मशीनजवळ आठवड्याला किती तास उभे राहणार. आणि तो येण्याआधी दोन आठवडे एका साध्या वहीत तीन रकाने भरून ठेवा: मशीन कधी थांबलं, का थांबलं, किती मिनिटं. वही ऑपरेटरच्याच हातात हवी. संध्याकाळी सुपरवायझरने आठवून लिहिलेले आकडे नेहमी पाच-दहाच्या पटीत येतात आणि कामाला येत नाहीत.