एटिमऑनलाइन: ‘फेम’चा माग ‘म्हणे’च्या उंबऱ्यापर्यंत

इंग्रजी शब्दांची कुळी सांगणारं हे संकेतस्थळ पारखायचं तर ‘फेम’ टाकून बघावं. मूळ नोंदी वाचायला पैसे पडत नाहीत.

नोंद तेराव्या शतकातल्या इंग्रजीपासून जुन्या फ्रेंचकडे आणि तिथून लॅटिन ‘फामा’कडे नेते. ‘फामा’ म्हणजे लोकांच्या तोंडची गोष्ट, बरी असो की वाईट. काळ दिसतो तो पहिल्या लेखी पुराव्याचा. शब्द तेव्हाच जन्मला असं समजू नये.

खरा माल पुढे आहे. नोंदीतल्या तारांकित ‘भा’वर टिचकी द्या. तारा म्हणजे लेखी न सापडलेलं, इंग्रजी, लॅटिन, संस्कृत अशा नात्यातल्या भाषांच्या तुलनेतून उभं केलेलं त्यांच्या पूर्वज भाषेतलं रूप. गफलत इथेच होते, कारण ‘भा’ दोन आहेत. पहिला चमकण्याचा, आपल्या ‘भानू’चा, दुसरा बोलण्याचा. ‘फेम’ दुसऱ्याचा. क्रमांक न बघता ‘फेम म्हणजे झळाळी’ लिहिलं, की फसलात. दुसऱ्याच्या घरात ‘फेबल’ आहे, ‘फेट’ आहे, आणि ‘इन्फंट’ही, म्हणजे अजून न बोलणारं लेकरू. ग्रीककडून ‘फोन’. ‘फॅमिन’ मात्र परका, तो लॅटिनमधल्या भुकेच्या शब्दाचा.

संस्कृत ‘भनति’पाशी वाट संपते. मराठीचा पत्ता इथे नाही. इंग्रजीच्या कोशाकडून ती अपेक्षाही नको. पुढचा टप्पा टर्नर यांच्या भारतीय-आर्य भाषांच्या तुलनात्मक कोशात, शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तोही फुकट. ‘म्हणणे’ शोधत बसू नका. तिथले मथळे संस्कृत रूपांचे, रोमन लिपीत. ‘भनति’चंच ‘ण’ असलेलं रूप ‘भणति’, त्याखाली बघा. प्राकृत ‘भणइ’, मग मराठी ‘म्हणणे’. पुढच्या ‘ण’च्या ओढीने ‘भ’चा ‘म्ह’ झाला. म्हणजे नरसीच्या ‘नामा म्हणे’तला आणि गंगाखेडच्या ‘म्हणे जनी’तला शब्द ‘फेम’चा चुलत भाऊ. त्यातही ‘जायकवाडीचे दरवाजे उघडले म्हणे’ यातला ‘म्हणे’ लॅटिन ‘फामा’च्या जास्त जवळचा: बातमी आहे, सांगणाऱ्याचं नाव नाही.

शाळेत शब्दकुळी शिकवणाऱ्यांनी दोन्ही कोश शेजारी-शेजारी उघडावेत. एकट्या एटिमऑनलाइनला पाचपैकी साडेतीन.

वेदातला कीर्तीचा शब्द ‘श्रवस्’ या घरात सापडणार नाही. तो ऐकण्याच्या धातूचा, ग्रीक ‘क्लेओस’चा सख्खा. त्यासाठी त्याच धातूतून आलेला ‘लाउड’ शोधा.