११४ मिमी इक्वेटोरियल की ६ इंची डॉब्सोनियन?

पहिली दुर्बीण घ्यायची म्हटलं की बहुतेकांची गाडी शेवटी याच दोघींपाशी अडते. दोन्ही आरशाच्या, न्यूटोनियनच, म्हणजे प्रकाश आरशाने गोळा होतो आणि डोळा नळीच्या वरच्या टोकाजवळ बाजूला लावायचा. फरक आहे तो आरशाच्या व्यासाचा (६ इंच म्हणजे १५० मिमी) आणि स्टँडचा: इक्वेटोरियलचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखायचा असतो, डॉब्सोनियन म्हणजे खोक्यावर बसवलेली, हातानेच वर-खाली, डावी-उजवी ढकलायची नळी. ११४ मिमीची मित्राची होती, पूर्ण एक हिवाळा माझ्याकडे राहिली. ६ इंची नंतर मी घेतली.

१५० मिमीचा आरसा ११४ पेक्षा जवळपास पावणेदोन पट प्रकाश गोळा करतो. चंद्र, गुरूचे चंद्र, शनीची कडी बघायला दोन्ही पुरतात. शौरी तारकासमूहातला एम १३ हा ताऱ्यांचा गुच्छ मात्र मला ११४ मधून धुकट ठिपकाच वाटला. ६ इंचीतून, शहराबाहेर, कडेचे तारे सुटे दिसले.

इक्वेटोरियलचं कौतुक असं, की अक्ष ध्रुवाकडे नीट लागला तर एकच नॉब फिरवून ग्रह नजरेत धरता येतो. पण पुण्यात ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर. उत्तरेला शेजारची इमारत असली की कंपासवर भागवा. तेही चालवून घेतलं असतं मी.

नाही चाललं ते आयपीसचं, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाचं. पूर्वेला मृग बघताना आयपीस छान हाताशी असतो. तीच नळी पश्चिमेकडे वळवली की तो कधी पोटाखाली, कधी पार वर, आणि फाइंडरला, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीला, डोळा लावायचा तर मान मोडायची. मग नळी धरणाऱ्या रिंगा सैल करून नळी फिरवा. सैल केली की ती खाली घसरते, तोल जातो, पुन्हा वर सरकवा. तोवर रांगेतली पोरं खाली जेवायला पळालेली.

डॉब्सोनियनचा आयपीस कायम कडेला. नळी ढकला आणि बघा. अर्थात १२० पट मोठा करून बघताना शनी पावणेदोन मिनिटांत नजरेबाहेर जातो, सारखा हात लावावा लागतो. बरोब्बर डोक्यावरचं काही पकडतानाही ती जरा हट्टीपणा करते.

फोटोंसाठी इक्वेटोरियल घ्या, असं सांगणारे भेटतील. या हलक्या स्टँडवर मोबाइलने चंद्र टिपण्यापलीकडे फार काही जमेल असं मला तरी वाटत नाही, आणि चंद्र डॉब्सोनियनवरूनही टिपता येतो. मात्र डॉब्सोनियनची नळीच जवळपास चार फुटांची आहे, खालचा खोका वेगळा. गच्चीवर न्यायला दोन फेऱ्या होतात. लिफ्ट नसेल आणि गुडघे कुरकुरत असतील, तर ११४ चा विचार जरूर करा.