लग्नाचा वाढदिवस: घरची पुरणपोळी की मामलेदारची मिसळ?

लग्नाचा वाढदिवस जवळ आला की आमच्या ठाण्याच्या घरात हाच विषय निघतो. सासूबाईंची रीत पुरणपोळीची. यांचा जीव मिसळीत, कारण लग्न ठरल्यावर आम्ही पहिल्यांदा एकत्र खाल्लं ते तहसील कचेरीजवळच्या मामलेदारमध्येच.

मिसळीचं सोपं आहे. सकाळी लवकर निघायचं, तिखट किती हवं ते सांगायचं आणि घाम पुसत खायचं. मग तलावपाळीला एक फेरी. खर्च थोडा, घरात पसारा नाही. पण टेबलामागे माणसं ताटकळत असतात, निवांत बोलणं होत नाही.

पुरणाला अर्धा दिवस जातो. ५०० ग्रॅम हरभऱ्याची डाळ बोटाने चेपली जाईल इतकी शिजवायची, वरचं पाणी कटाच्या आमटीसाठी काढून ठेवायचं, मग डाळीइतकाच गूळ. पातेल्यात उलथनं उभं राहिलं की पुरण झालं. ते गरम असतानाच पुरणयंत्रातून काढायचं. गार झालं की हात भरून येतात. जायफळ सासूबाई स्वतःच किसतात, ते काम कुणाला देत नाहीत. यंत्राचा दांडा यांच्याकडे. त्या तासाभरात सासऱ्यांच्या जितक्या आठवणी निघतात, तितक्या वर्षभरात निघत नाहीत.

म्हणून माझं मत पुरणपोळीला. वाढदिवस कामाच्या दिवशी आला तर सकाळी मिसळ खावी आणि पोळ्या रविवारी कराव्यात. तूप मात्र सढळ हाताने हवं.