सर्जनची वही की चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी?

"डॉक्टरांनी अशी पाचशे ऑपरेशनं केलीत, सगळे ठणठणीत!" परळच्या वेटिंग रूममध्ये हे हमखास ऐकू येतं. शस्त्रक्रियेतलं बरंच संशोधन याच जातीचं: एका सर्जनची केस सिरीज, म्हणजे त्याने स्वतः ऑपरेशन केलेल्या पेशंटांची वहीतली नोंद. ही स्वस्त आणि झटपट. नवं तंत्र किंवा दुर्मीळ गुंतागुंत पहिल्यांदा कळते ती बहुधा इथेच. पण पेशंट निवडले कोणी? सर्जननेच.

रँडमाइज्ड चाचणीत ऑपरेशन कोणाचं, हे चिठ्ठी ठरवते. शरीरात पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात मूळ गाठ काढलेल्या बायका जास्त जगतात, असं जुन्या नोंदी सांगत. परळच्याच टाटा मेमोरियलने ३५० जणींवर चाचणी घेतली. २०१५ साली निकाल छापून आला: एकूण आयुर्मानात फरक नाही. म्हणजे ज्यांची तब्येत मुळात बरी, त्यांचीच गाठ काढली जात असणार!

२००२ साली ह्यूस्टनमधल्या गुडघे झिजलेल्या १८० जणांच्या चाचणीत तर काहींच्या गुडघ्याला नुसते छेद दिले, आत काहीच केलं नाही. दुर्बिणीने सांधा साफ केलेल्यांचं दुखणंही त्यांच्यापेक्षा कमी झालं नाही.

अर्थात चाचणी महाग, वेळखाऊ. गोळी सगळीकडे सारखी असते, सर्जनचा हात नसतो. आणि फाटलेल्या आतड्यासाठी चिठ्ठ्या कोण टाकणार? तिथे वहीच चालवून घ्यावी. पण ऑपरेशन पुढे ढकलता येण्याजोगं असेल, तर मी आधी चाचणीबद्दल विचारेन. पाचशेचा आकडा नंतर.