इंडियानापोलिसच्या ड्रम कोर फायनल्सचं तिकीट काढावं का? माझा रिव्ह्यू

ज्यांची पोरं इथे अमेरिकेत हायस्कूलच्या मार्चिंग बँडमध्ये आहेत त्यांना ड्रम कोर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. पितळी वाद्यं, ड्रम आणि कलर गार्ड, म्हणजे झेंडे आणि लाकडी रायफली फिरवणारी मंडळी, हा त्याचा पाया. दीडशेच्या आसपास मुलंमुली फुटबॉलच्या मैदानावर दहा-बारा मिनिटं अक्षरशः पळत पळत वाजवतात, सगळी एकवीस-बावीस वर्षांच्या आतली, आणि ह्यासाठी त्यांना पैसे मिळत नाहीत, उलट हजारो डॉलर फी भरून येतात, उन्हाळाभर शाळांच्या जिममध्ये फरशीवर झोपतात, बसने ह्या गावाहून त्या गावी जातात आणि दिवसभर उन्हात रिहर्सल करतात. ऑगस्टमध्ये ड्रम कोर्स इंटरनॅशनल म्हणजे डीसीआयच्या फायनल्स असतात, 2009 पासून इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये. गुरुवारी प्रिलिम्स, शुक्रवारी सेमी आणि शनिवारी वरच्या बारा टीम.

माझं मत आधीच सांगून टाकते, जा, डोळे झाकून जा, पण हे बघायला काय जायचं आणि कुठे बसायचं ह्यावर बरंच बोलण्यासारखं आहे.

कारण तिथे गेल्यावर तुमच्या मागच्या रांगेत एक आजोबा नक्की बसलेले असतात, अंगात सत्तरच्या दशकातल्या कुठल्यातरी कोरचं, म्हणजे टीमचं, जॅकेट, आणि ते प्रत्येक शोनंतर म्हणतात की हे ड्रम कोर राहिलं नाही, हा ब्रॉडवे झालाय. माईक नको, सिंथेसायझर नको, मैदानावर ते जिने आणि घसरगुंड्या नकोत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं, कारण सेम हीच वाक्यं मी पुण्यात ढोल-ताशा पथकांबद्दल ऐकत मोठी झाले, नवीन ताल आले की जुने वादक नाक मुरडणारच. पण आजोबांचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाहीये.

मुळात हा प्रकार सैन्यातून आलेला आहे. पहिल्या महायुद्धानंतर परत आलेल्या सैनिकांच्या संघटना, अमेरिकन लीजन वगैरे, त्यांच्या आश्रयाने हे कोर वाढले. साधे ब्यूगल, गळ्यात ड्रम, सरळ रांगा, राष्ट्रध्वजाला मानवंदना सक्तीची, आणि परीक्षक हातात पेन घेऊन चुका मोजायचे, एक चूक दिसली की 0.1 गुण कापला. डीसीआयची पहिली चॅम्पियनशिप 1972 ला विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला झाली, अनाहाइम किंग्समेन जिंकले, तेव्हाही हीच पद्धत होती. चुका कापायची पद्धत गेली 1984 ला, आणि माझ्या मते खरा बदल तिथे झाला, माईकमुळे नाही. आधी अवघड काही केलंत तर चुकायची भीती, म्हणजे मार्कांचा तोटा, आता अवघड करून दाखवलंत तर त्याचेच मार्क. आजच्या परीक्षकांच्या गुणपत्रिकेवर 100 पैकी 40 गुण नुसत्या जनरल इफेक्टला, म्हणजे एकूण शो मनाला किती भिडला त्याला, आणि 30-30 म्युझिक आणि व्हिज्युअलला. मार्क जिकडे जाणार तिकडे कला जाणार, सोपी गोष्ट आहे.

त्याच काळात न्यू जर्सीच्या गारफील्ड कॅडेट्ससाठी जॉर्ज झिंगाली नावाच्या ड्रिल डिझायनरने, म्हणजे मैदानावरच्या आकृत्या आखणाऱ्याने, डाव्या-उजव्या बाजूचा तो आरशासारखा समतोलच मोडीत काढला, मैदानभर वाकड्या, वितळणाऱ्या आकृत्या. 1983 पासून लागोपाठ तीन वर्षं ते जिंकले. हेच कॅडेट्स, 1934 पासूनचे, 2024 ला कायमचे बंद पडले, त्याचं कारण मात्र कला नव्हे, कोर्टकचेऱ्या आणि पैसा.

मग 1993 चा स्टार ऑफ इंडियाना ह्या कोरचा शो. बार्टोक आणि बार्बर ह्या विसाव्या शतकातल्या संगीतकारांचं संगीत, म्हणजे टाळ्या घेणारी धून जवळजवळ नाहीच, अंग मुरडत केलेल्या हालचाली, कोरडा, टोकदार. काही ठिकाणी लोकांनी चक्क हुर्यो उडवली! दुसरे आले, फक्त 0.1 ने. त्यानंतर त्यांनी स्पर्धाच सोडली आणि त्यातूनच पुढे ब्लास्ट हा स्टेज शो उभा राहिला, ज्याला 2001 ला टोनी, म्हणजे ब्रॉडवेचा मोठा पुरस्कार, मिळाला. आज यूट्यूबवर तो 93 चा शो बघा, आत्ताच्या टीम जे करतात त्यातलं अर्धं तिथे आहे, तेही माईक किंवा सिंथ काही नसताना. आमच्या मागच्या आजोबांनाही तो शो आवडतो म्हणे. तेव्हा आवडला होता का, हे मी विचारलं नाही.

नियम एकेक करून सैल होत गेले. 2000 ला जी (G) ह्या एकाच पट्टीत वाजणाऱ्या ब्यूगलची सक्ती गेली, 2004 ला माईक आले, 2009 ला सिंथेसायझर, 2014 ला ट्रॉम्बोन आणि फ्रेंच हॉर्नला परवानगी. माईकचा फायदा मला पटतो, मैदानाच्या पुढच्या कडेला मरिंबा आणि व्हायब्राफोन, म्हणजे काड्यांनी वाजवायची पट्ट्यांची वाद्यं, लावलेली असतात, ती आधी बडवून वाजवावी लागायची, आता मऊ टोकाच्या काडीने (मॅलेटने) वाजवलेलंही वरपर्यंत पोचतं. पण सिंथचा तो खालचा घुमणारा बेस, जो हल्ली प्रत्येक मोठ्या सुराखाली भरतात, तो मला अजिबात झेपत नाही. सत्तर-ऐंशी पोरं छाती फाटेस्तोवर फुंकतायत आणि त्यांच्याखाली स्पीकरचा आवाज, मग मोठं कोण वाजवतंय तेच कळत नाही. त्यात बंद छताच्या मैदानात आवाज आधीच घुमतो. इथे मी पूर्णपणे आजोबांच्या पार्टीत.

पण मग ओहायोच्या कँटनचे ब्लूकोट्स समोर येतात आणि मी पार्टी बदलते. 2014 च्या टिल्ट शोमध्ये त्यांनी अख्ख्या ब्रासचा, म्हणजे पितळी वाद्यांचा, सूर एकदम खाली घसरवला, पितळ आणि इलेक्ट्रॉनिक्स दोन्ही मिळून, जणू कोणीतरी स्टेडियमच तिरकं केलं, आणि लोक वेडे झाले. 2016 ला डाउन साइड अप, मैदानावर मोठमोठे उतार, वाजवणारे त्यावरून घसरत खाली, डोक्यावर पिसांच्या टोप्या नाहीत, युनिफॉर्मचा सैनिकी थाट नाही, आणि त्यांचं पहिलं विजेतेपद. हे सगळं जी पट्टीच्या ब्यूगलवर झालंच नसतं. आणि हो, पहिल्यांदा जाणाऱ्यांनी घाबरू नका, ते मैदानात आले की सगळं स्टेडियम ओरडतं आणि ते हुर्यो उडवल्यासारखं वाटतं, मी मुलाला म्हटलं अरे ह्यांना बू का करतायत, तर तो म्हणे, "आई, बू नाही गं, ब्लू!"

कॅलिफोर्नियाच्या ब्लू डेव्हिल्सबद्दल लिहायचं तर वेगळी पोस्ट लागेल, सर्वात जास्त विजेतेपदं त्यांची, 2014 ला 99.65 गुण मिळवले होते, थंड डोक्याने, कुठेही घाम न दिसता. मला कौतुक वाटतं, पण डोळ्यात पाणी कधी येत नाही. 2025 ला बोस्टन क्रुसेडर्स जिंकले, 1940 पासूनचा कोर आणि डीसीआयचं पहिलं विजेतेपद. मुलं मैदानावर ओक्साबोक्शी रडत होती.

आता पैसा वसूल करायचा खरा मार्ग. शो सुरू व्हायच्या दोनेक तास आधी जवळपासच्या पार्किंग लॉटमध्ये, मोकळ्या जागांवर जा, तिथे ड्रमलाइन वॉर्मअप करत असतात आणि तुम्ही हात लांबवला तर ड्रमला लागेल इतक्या जवळ उभं राहता येतं. एका रांगेत आठ-दहा स्नेअर, म्हणजे कोरड्या, कडक आवाजाचे ड्रम, सगळ्यांच्या काड्या पट्टीने मोजल्यासारख्या एकाच उंचीवर. मधला मुलगा ड्रमच्या कडेवर चार टोले देतो, "डट, डट", आणि सगळे एकदम सुटतात. कातड्याच्या जागी केव्हलर, इतकं ताणलेलं की आवाज ड्रमसारखा नाही, टेबलावर आपटल्यासारखा कोरडा येतो. डाव्या हाताची पकड बघा, काडी अंगठ्याच्या बेचक्यात आडवी धरलेली, पूर्वी ड्रम खांद्यावरून तिरका लटकायचा म्हणून ती आली. आता ड्रम अंगात घातलेल्या हार्नेसवर सपाट असतो, तिची गरज उरलेली नाही, तरी बहुतेकांनी सोडलेली नाही. सगळं बदललं आणि हीच एक गोष्ट का टिकली, तर दिसते भारी म्हणून, दुसरं कारण मला तरी दिसत नाही. आणि टिकावीच.

लॉटमध्ये ना माईक ना सिंथ, आजोबांचे डोळे तिथे चमकतात आणि माझेही.

काही बारीकसारीक. खालच्या महागड्या सीट घेऊ नका, चेहरे दिसतात पण आकृत्या दिसत नाहीत, पन्नास यार्डाच्या रेषेसमोर वरच्या मजल्यावर बसा. शुक्रवारची सेमी शनिवारपेक्षा चांगली, बाराच्या पुढच्या टीममध्येही एकेक भन्नाट शो सापडतात आणि मुलं मार्कांच्या ओझ्याशिवाय वाजवतात. कानात घालायला प्लग न्या, विशेषतः लहान मुलांसाठी. खायचं घरूनच खाऊन जा, आत मी जे नाचोज घेतले त्यांच्यावर चीज कमी आणि पश्चात्ताप जास्त होता. घरबसल्या बघणार असाल तर ऑनलाइन स्ट्रीमही असतं, मी एका उन्हाळ्यात घेतलं होतं, ऐन बॅलडमध्ये, म्हणजे शोच्या संथ, हळव्या भागात, बफरिंग, कॅमेरा नेमका चुकीच्या पोरावर, आणि वर्षभराचे पैसे आगाऊ. त्यापेक्षा गुरुवारच्या प्रिलिम्स थिएटरमध्ये मोठ्या पडद्यावर दाखवतात, तुमच्या गावात असतील तर ते जास्त बरं.

पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क त्या सिंथच्या बेसचा कापलाय.