आठ महिने ई-रीडरवर विज्ञानकथा आणि फँटसी: काय जमलं, काय नाही

ई-रीडर मे अखेरीस घेतला, आता जानेवारी संपत आला, म्हणजे एक अख्खा पावसाळा आणि चवथ (गणेशचतुर्थी) सगळं ह्यावर काढून झालंय, आता बोलायला हरकत नाही. साधा 6 इंची ई-इंकवाला (कागदासारख्या दिसणाऱ्या काळ्या-पांढऱ्या स्क्रीनचा) आहे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खालच्या तक्रारी बहुतेक सगळ्याच मॉडेलना लागू पडतील.

घेतला का ते आधी सांगतो. 20 मे 2025 ला जयंत नारळीकर सर गेले. त्या रात्री कपाटातून बाबांची, नारळीकरांचीच 'यक्षांची देणगी' काढली, 1979 चं पुस्तक, मी शाळेत असताना त्यांनीच वाचायला दिलेलं. उघडून बघतो तर पानं चिकटलेली, कडेला बुरशी आणि मधे कसरीने पाडलेली भोकं. गोव्यात फोंड्यात राहतो, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, कागदाचं दुसरं काय होणार, पण बाबा जाऊन तेव्हा दीड वर्ष झालेलं आणि ते पुस्तक तसं बघून फार लागलं. त्यात त्या वर्षी पाऊस मे सरायच्या आतच आला. चार दिवसांत ई-रीडर मागवला.

पहिलं पुस्तक घेतलं फ्रँक हर्बर्टचं 'ड्यून', 1965 ची कादंबरी. कागदावर दोनदा सोडून दिलेली, सहाशेच्या आसपास पानांचा ठोकळा पणजीच्या बसमधे उभ्याने धरता येत नाही हे खरं कारण. हा ई-रीडर दोनशे ग्रॅमच्या आतला, एका हाताने दांडा धरायचा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पान उलटायचं, म्हणून ह्या वेळी पूर्ण झाली. आणि वाचली कधी तर जुलैत! बाहेर धो धो, घरात चार दिवस कपडे वाळत नाहीत, टॉवेलला कुबट वास, आणि पुस्तकात अशी माणसं की ज्यांच्या ग्रहावर पाऊसच नाही, अंगातला घाम गाळून परत पिता यावा म्हणून खास सूट घालून फिरतात. एक जण सरदारासमोर टेबलावर थुंकतो, सगळे भडकतात, मग कळतं की आपल्या अंगातलं पाणी त्याने भेट म्हणून दिलंय. ते वाचून मी बसमधे मोठ्याने 'वा' म्हटलं.

पण मला धरून ठेवलं ते दुसऱ्या एका जागेने. कादंबरीचा नायक पॉल पहिल्यांदाच माणूस मारतो, आणि त्याच माणसाच्या अंत्यविधीत त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं. भोवतालची माणसं थक्क होऊन कुजबुजतात की हा मेलेल्याला पाणी देतोय. इंग्रजीत वाचत होतो, पण डोक्यात ते मराठीतच उमटलं, कारण मेलेल्याला पाणी देणं हे आपल्याकडे रोजच्या बोलण्यातलं आहे. सप्टेंबरात बाबांच्या म्हाळाला भटजींनी सांगितलं तसं तीळ घालून अंगठ्याच्या बाजूने पाणी सोडताना तेच वाक्य आठवलं आणि हात थांबला. भटजी म्हणाले, सोडा, सोडा. बाहेर तेव्हाही पाऊसच होता. साठ वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका माणसाने वाळवंट कल्पून लिहिलेली ओळ माझ्या घरात अशी येऊन बसली, ह्यासाठी मी विज्ञानकथा वाचतो.

आता तक्रारी. कुठल्याही शब्दावर बोट दाबून धरलं की डिक्शनरी अर्थ दाखवते, इंग्रजी वाचताना हे वरदान आहे. पण ह्या पुस्तकांतले अर्धे शब्द लेखकानेच घडवलेले, बोट दाबलं की 'अर्थ सापडला नाही'. 'ड्यून'मधे शेवटी शब्दकोश दिलाय, कागदावर असता तर तिथे एक बोट अडकवून वाचलं असतं, इथे तिकडे जाऊन परत यायला चार टॅप आणि तोवर धागा तुटतो. शेवटी खिशात छोटी वही ठेवायला लागलो.

फँटसीत हाल जास्त, कारण नकाशे. अर्सुला ली ग्विन यांचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (1968) सगळं बेटांवर घडतं, नायक गेड होडीने ह्या बेटावरून त्या बेटावर जातो आणि नकाशा बघितल्याशिवाय तो किती दूर आलाय ते कळतच नाही. 6 इंचावर नकाशा म्हणजे मुंग्या, मोठा करायला जावं तर स्क्रीन काळी-पांढरी होत राहते. मडगावच्या मित्राकडून छापील प्रत आणली आणि चोडणला सासुरवाडीला जाताना रायबंदरच्या फेरीबोटीत नकाशा उघडून वाचली. काठ मागे सरकतोय, समोर खारफुटी, आणि पुस्तकात बेटं. माझं मत आता पक्कं झालंय, फँटसी कागदावर, विज्ञानकथा ह्यावर.

मराठीचं सांगायचं तर वाईट वाटतं. एका ई-बुकात 'ताऱ्यांच्या' हा शब्द दर वेळी फुटून येतो, र सुटा, य सुटा, आणि विज्ञानकथेत तारे किती वेळा येणार सांगा. स्कॅन केलेली पीडीएफ तर ह्या स्क्रीनवर वाचूच नका. पण नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा परत वाचली ती भाच्याच्या अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकामुळे, एनसीईआरटीच्या पुस्तकात ती 'द अ‍ॅडव्हेंचर' नावाने आहे. अपघातानंतर पंत अशा दुसऱ्याच जगातल्या मुंबईत पोचतात जिथे 1761 ची पानिपतची लढाई मराठे जिंकलेत. लहानपणी मजा वाटलेली. आता फोंडेकर म्हणून वेगळंच डोक्यात येतं, आमचा फोंडा महाल पोर्तुगीजांकडे गेला 1763 मधे, पानिपतानंतर दोनच वर्षांनी. त्या दुसऱ्या जगात आमच्या गावाचं काय झालं असतं? भाचा आणि मी ह्यावर रात्री बारापर्यंत बोलत बसलो.

बाकी किरकोळ. बॅटरी मला दोन-अडीच आठवडे जाते, लाइट गेली तरी वाचता येतं, डोळे दुखत नाहीत. ऑगस्टात कव्हरवर पांढरी बुरशी आली, मशीनला काही झालं नाही. गोव्यात असाल तर कापडी कव्हर घेऊ नका.

सध्या लिऊ त्सिशिन यांचं 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' चालू आहे, 41 टक्क्यांवर आहे. चिनी नावं वहीत लिहून ठेवतोय, दोन पानं भरली.